पोच

भुसावळच्या यार्डात रेवत तायडेचे वडील सांधेवाले होते.
दांडा ओढायचा, गाडी दुसऱ्या रुळावर घ्यायची,
ती गेली की पुन्हा अंधारात उभं राहायचं.
म्हणून कंपनीचं नाव ‘सांधा’.
बँकेतल्या साहेबाला वाटलं, हाडांचा दवाखाना.
कर्ज त्यानं तरी दिलं. मागितलं त्याहून कमी.

सत्त्याण्णव साल. जळगाव एमआयडीसी, डाळमिलच्या वरची खोली,
दोन संगणक, तिसरा पोट उघडून ठेवलेला,
आणि मे महिना.
कूलरमध्ये पाणी ओतणे
हेही कामांच्या यादीत होतं, माझ्या नावापुढे.
कार्डावर छापलं होतं : एंटरप्राइझ इंटिग्रेशन.
आई विचारायची, म्हणजे काय गं?
जोडकाम, मी सांगायचे.
वेल्डिंग?
हो.

खाली दाराशी वजनकाटा, पार मागे हिशोबाची खोली.
काट्याचा संगणक एक बोलायचा, हिशोबाचा भलतंच,
आणि मधली दीडशे पावलं चालायचा सुपडू.
ट्रकचं वजन चिठ्ठीवर, चिठ्ठी टोपीत,
मागे जाऊन द्यायची, वहीत सही घ्यायची,
काट्यावर परतून ती सही दाखवायची,
मगच पुढचा ट्रक.

बारा आठवडे खपून आम्ही
त्या दीडशे पावलांची तार केली.
सुपडूनं ती बोटानं चाचपली.
‘हाई काय शे?’
‘तुझे पाय,’ कुमुदिनी भंगाळे म्हणाली,
आणि आम्ही हसलो.
त्याला पोती मोजायला लावलं.

तुरीच्या हंगामात, लाइट तीनदा गेली त्या रात्री,
अकरा ट्रक हरवले.
काटा म्हणे, मी दिले.
हिशोब म्हणे, मला मिळाले नाहीत.
दोघंही खरं बोलत होते.
पारसमल शेठ जिन्यात उभे राहून एवढंच म्हणाले,
‘तार काढा.’

तेव्हा सुपडूनं वही आणली.
अकराच्या अकरा, नंबरांसकट,
पेन्सिलीनं, पोत्यांच्या आकड्यांच्या मधेमधे.
‘तार असताना का लिहीत होतास?’ रेवतनं विचारलं.
‘तार जास,’ तो म्हणाला, ‘पन सही लई येत नही.’

रेवत त्या रात्री भुसावळला गेला नाही.
सकाळपर्यंत त्यानं सगळं मोडून पुन्हा लिहिलं :
पलीकडून पोच येईतो
हातातली चिठ्ठी सोडायची नाही.

मग सूतगिरणी, मग सावद्याचा केळी संघ,
धुळ्याची तेलगिरणी, दुबईची एक गोदी
जिचा पहिला फोन आम्ही मेणबत्तीत घेतला.
गुळगुळीत पुस्तिकेत त्या पोचेला सात पानं मिळाली,
बाण, चौकोन, इंग्रजीतलं लांबलचक नाव.
पुण्याला जायचं की नाही यावरून
कुमुदिनी नऊ जणांना घेऊन निघून गेली.
निरोपाला भरीत केलं होतं, तिनं चाखलं नाही.

आणि दोन हजार चौदात हॉलंडच्या लोकांनी
सांधा विकत घेतला, खुर्च्यांसकट.
रेवतनं पाटी तेवढी मागून घेतली.
ती आता भुसावळला, त्याच्या न्हाणीघराच्या वळचणीला,
तिच्यावर टॉवेल वाळतात.

गेल्या आठवड्यात तिकडून एका मुलाचं पत्र आलं.
नम्र पत्र. जुना कोड वाचतोय, म्हणाला,
सगळा बदलला, पण एका भागाला हात लावायची भीती वाटते,
त्यावाचून काहीच पलीकडे पोचत नाही.
त्या भागाचं नाव एस, यू, पी, डी, यू.
याचं पूर्ण रूप कृपया कळवाल का?

मी लिहिलं :
आधीची तीन मुलं गेली,
म्हणून हा जन्मताच
आईनं त्याला सुपात ठेवला,
मरणाला वाटावं, पाखडून टाकलेला कोंडा आहे.
हेच पूर्ण रूप.

मंगळवारी पाठवलं.
अजून पोच नाही.